सह्याद्रीचा कातळ वाचायचा कसा: नवख्यांसाठी वाटाड्या

गडावर जाणाऱ्यांना तटबंदी कोणी बांधली हे ठाऊक असतं, कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे हेही ठाऊक असतं. ज्या कातळात ते टाकं खोदलंय, तो मात्र ‘काळा दगड’ म्हणून आटोपतो. मी बरीच वर्षं असंच आटोपत होतो. पुढे भूशास्त्राची पुस्तकं उघडली, तर पहिल्याच पानावर खनिजांची रासायनिक सूत्रं. पुस्तकातून डोंगरापर्यंत यायला वाटच सापडेना. ती वाट मला जशी सापडली तशी इथे मांडतो आहे. विज्ञानाची पदवी लागत नाही, पायात थोडा दम आणि थांबून बघायची सवय लागते.

आधी एवढंच माहीत असू द्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. यातला बहुतेक सगळा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात ओतला गेला. तुमच्या-माझ्या हिशेबाने हा काळ प्रचंड, पण पृथ्वीच्या हिशेबाने अगदी थोडा. लाव्हा थरावर थर साचत गेला आणि गोठला. या गोठलेल्या काळ्या दगडालाच बसाल्ट म्हणतात. आज जे उरलं आहे ते जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे: जवळजवळ सगळा महाराष्ट्र, शिवाय मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक आणि तेलंगणाचे काही भाग. कळसूबाईचं १६४६ मीटर उंचीचं शिखर याच लाव्ह्याचं आहे.

या लेखातून एकच गोष्ट शिकायची आहे: लाव्ह्याचा एक थर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते ओळखणं. ते जमलं की गुहा, टाकी, झरे, कडे, माच्या यांची जागा तीच का, हे आपोआप कळू लागतं.

१. नकाशा आणि मोसम

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ‘भुकोश’ नावाचं संकेतस्थळ आहे. नाव नोंदवलं की भूशास्त्रीय नकाशे मोफत बघता येतात. तुम्ही जाणार त्या डोंगरावर ठिपका ठेवा आणि तिथे कुठला थर दाखवलाय ते लिहून घ्या.

इथे पहिला सापळा आहे आणि तो कोणी आधी सांगत नाही. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांना नावं देण्याच्या दोन पद्धती आहेत. सरकारी नकाशावर साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड अशी नावं दिसतील. शोधनिबंध वाचायला घेतलेत तर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी दुसरीच यादी येते. पहिली पद्धत डोंगरावर डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर बेतलेली आहे, दुसरी प्रामुख्याने दगडाच्या रासायनिक घडणीवर. दोन्ही बरोबर आहेत. दोन्ही एका वहीत मिसळल्या की मात्र गोंधळ होतो. नवख्याने सरकारी नकाशाची नावं धरावीत. दुसऱ्या यादीतले थर प्रयोगशाळेशिवाय खात्रीने सांगता येत नाहीत, त्यामुळे ‘हा आंबेनळी बसाल्ट’ असं नुसतं बघून ठामपणे सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

मोसम डिसेंबर ते मार्च. गवत वाळलेलं असतं, कातळ उघडा असतो. पावसाळ्यात धबधबे थरांच्या पायऱ्या छान दाखवतात, पण ते लांबून, सपाटीवरूनच बघायचं. उतारावर कुजलेल्या दगडामातीचा जाड थर असतो. तो पाण्याने फुगला की काय होतं, ते ३० जुलै २०१४ रोजी माळीणला आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीला महाराष्ट्राने पाहिलं आहे.

२. पिशवीत काय घ्यायचं

- दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. सराफ वापरतात तेच. हे नसेल तर बाकी काही घेऊन उपयोग नाही.
- साधा चाकू किंवा मोठा खिळा, खनिजावर ओरखडा काढून बघायला.
- लहान चुंबक, दोऱ्याला बांधलेलं.
- थेंब टाकायच्या बाटलीत व्हिनेगर.
- वही, पेन्सिल, आणि फोटोत माप कळावं म्हणून एक नाणं.
- दुर्बीण असेल तर फारच उत्तम. कडा वाचायला भिंगापेक्षा तीच जास्त कामी येते.

हातोडा या यादीत नाही, तो मुद्दामच गाळला आहे. ताजा फुटलेला दगड घाटरस्त्याच्या कटाईत हवा तेवढा पडलेला असतो. किल्ल्यावर, लेण्यात किंवा अभयारण्यात दगड फोडणं बेकायदा आहे, आणि फोडून नवख्याला जास्त काही कळतही नाही.

३. कागद आणि परवानग्या

ओळखपत्राची मूळ प्रत आणि एक झेरॉक्स जवळ ठेवा. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश पावती घ्यावी लागते, ती परत येईपर्यंत टाकू नका. संरक्षित किल्ल्यावर फोटोला सहसा अडचण नसते, ड्रोनला असते.

दगडाच्या खाणीत जायचं असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या. खाणीत सुरुंग लावायच्या ठरलेल्या वेळा असतात. त्या विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, आणि परवानगी मिळाली तरी उभ्या भिंतीच्या पायथ्याशी बसून डबा खाऊ नका. खाणकामगारांशी मात्र बोला. कुठल्या थरात ‘फुलं’ निघतात हे त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमकं ठाऊक असतं. ‘फुलं’ म्हणजे काय ते सातव्या पायरीत.

४. आधी लांबून बघा

डोंगराला हात लावायच्या आधी समोरच्या टेकाडावर दहा-पंधरा मिनिटं बसा. पुण्या-नाशकाकडचा कुठलाही डोंगर घ्या. उभा काळा कडा, त्याच्या वर गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, असं दिसेल. कडा म्हणजे थराचा घट्ट भाग. उतार म्हणजे सच्छिद्र, लवकर कुजणारा भाग. किल्ल्याची माची बहुधा अशा मऊ भागावर पसरलेली असते आणि बालेकिल्ल्याचा ताशीव कडा घट्ट भागात असतो. शत्रूला चढता येऊ नये म्हणून निम्मं काम लाव्ह्याने आधीच करून ठेवलेलं होतं.

वहीत डोंगराची बाह्यरेषा काढा आणि कडे-उतारांना खालून वर आकडे द्या. चित्रकला येत नसली तरी काढाच. फोटो काढला की डोळे बघायचं थांबवतात.

आता सावधगिरी: जितक्या पायऱ्या तितके लाव्ह्याचे लोट (म्हणजे एकेका खेपेला वाहून आलेला लाव्हा), असा हिशेब करू नका. काही लोट एकसंध असतात, एकच जाड थर, दहा-वीस मीटरचा किंवा त्याहून मोठा. उलट काही ठिकाणी लाव्हा लहान लहान जिभांनी पुढे सरकलेला असतो. एका जिभेवर साय धरते, तिच्या बाजूने दुसरी फुटते, अशा शेकडो जिभा मिळून एक लोट होतो. इगतपुरी, कसारा, लोणावळा या बाजूला हा दुसरा प्रकार फार, तर महाबळेश्वरकडे पहिला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून थर मोजायचा मोह सगळ्यांनाच होतो. मोजा, पण आकडा शाईने लिहू नका.

५. जवळ जाऊन तळ, पोट आणि डोकं शोधा

ही खरी पायरी. लाव्ह्याच्या प्रत्येक थराला तीन भाग असतात, ते खालून वर बघायचे.

तळाशी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसू शकतात. खालच्या ओलसर जमिनीतून आणि लाव्ह्यातून निघालेली वाफ आणि वायू वर चढताना अडकले, त्यांच्या या वाटा. नळ्या नेहमी सापडतीलच असं नाही, पण सापडल्या तर तुम्ही थराच्या बुडाशी उभे आहात हे पक्कं.

मधलं पोट घट्ट, काळं, बारीक पोताचं. याला विहीर खोदणारे ‘काळा पाषाण’ म्हणतात. भिंगातून बघितलं तर चमकणाऱ्या बारीक पट्ट्या दिसतात, ते फेल्डस्पार नावाचं खनिज. दोऱ्याचं चुंबक जवळ नेलं तर हलकेच ओढलं जातं, कारण दगडात मॅग्नेटाइट या लोहाच्या खनिजाचे कण आहेत. त्यामुळेच होकायंत्र कातळावर टेकवून दिशा बघू नका, छातीच्या उंचीवर धरा.

वरचं डोकं भोकाभोकांचं. लाव्हा गोठताना वायूचे बुडबुडे वर गोळा झाले आणि तिथेच अडकले. बहुतेक भोकं नंतर पांढऱ्या खनिजांनी भरली. या ठिपक्यांच्या खडकाला गावाकडे ‘मांजऱ्या’ म्हणतात, आणि मला तरी पुस्तकातल्या ‘कुपीयुक्त बसाल्ट’पेक्षा हाच शब्द आवडतो. मांजऱ्या कुजला की पाणी धरतो. पाषाणात पाणी फक्त भेगांत असतं. विहिरीला कुठे पाणी लागेल याचा गावातला अर्धाअधिक अंदाज याच फरकावर चालतो.

म्हणजे खालून वर जाताना मांजऱ्या संपून त्यावर एकदम घट्ट पाषाण आला, की तिथे एक थर संपला आणि नवा सुरू झाला. त्या रेषेवर बोट ठेवा. पहिल्या दिवशी एवढं एक बोट जरी नेमकं पडलं तरी दिवस सार्थकी लागला.

कुजलेला दगड बघून फसू नका. बसाल्ट भेगांच्या कडेने झिजतो आणि मधला गोटा उरतो, त्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. नवख्यांना हे गोटे म्हणजे ज्वालामुखीतून उडालेले गोळे वाटतात. ते तिथल्या तिथेच कुजून झालेले आहेत. रस्त्याला घालायचा मुरूम म्हणजे हाच कुजका माल.

६. लाल पट्टा

दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा विटकरी रंगाची आडवी रेघ दिसते. काही इंचांपासून मीटर-दोन मीटरपर्यंत जाड. भूशास्त्रज्ञ तिला ‘रेड बोल’ म्हणतात. खालचा थर गोठल्यावर पुढचा लाव्हा येईपर्यंत मध्ये जो वेळ गेला, त्यात दगड किंवा वर पडलेली राख कुजून माती झाली. मग तिच्यावर तापलेला लाव्हा आला. सह्याद्रीत उभं राहून ‘मध्ये खंड पडला होता’ असं ठामपणे म्हणायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

पण लाल दिसलं की पट्टा सापडला, असं नाही. वरून ओघळलेली माती कड्याला लाल करते. गंजलेल्या भेगाही लाल असतात. तीन गोष्टी तपासा: नखाने किंवा चाकूने सहज खरवडतो का, त्याच्या डोक्यावर घट्ट थराचं बूड आहे का, आणि डोंगराला वळसा घातल्यावर साधारण त्याच उंचीवर पुन्हा दिसतो का. तिन्ही जुळलं तर वहीत लिहा.

ही चिकट माती पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून डोंगराच्या मध्यावर अचानक झरा भेटला, तर आसपास लाल पट्टा शोधा. अनेकदा सापडतो. लेणी खोदणाऱ्यांना ही कमकुवत जागा नक्कीच जाणवत असणार. मोठं दालन कोरायला जाड, एकसंध पाषाण लागतो.

काही ठिकाणी मधल्या काळात तळी साचली आणि त्यांत जीव राहिले. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच मधल्या थरातून बेडकांचे जीवाश्म निघाले.

७. पोकळ्यांतली फुलं

बहुतेक लोक या छंदात शिरतात ते या पायरीवरून, आणि काही जण इथेच अडकतात.

लाव्हा गोठून गेल्यावर कोमट-गरम पाणी त्याच्या भेगांतून फिरलं. दगडातली द्रव्यं विरघळवत गेलं आणि बुडबुड्यांच्या पोकळ्यांत स्फटिक म्हणून ठेवत गेलं. हीच ती ‘फुलं’. यांतला मोठा गट झिओलाइट नावाच्या खनिजांचा. पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं गडद निळं कॅव्हनसाइट तर संग्राहकांच्या जगात वाघोलीच्याच नावाने ओळखलं जातं.

ओळखायची सुरुवात अशी करा. ओरखडा उमटत नाही आणि उलट चाकूचीच रेघ दगडावर राहते, तर ते क्वार्ट्झ किंवा त्याच्या घराण्यातलं, म्हणजे आपली गारगोटी. ओरखडा सहज उमटला तर त्याची थोडी पूड करून व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट. नाही आले तर झिओलाइट असण्याची शक्यता मोठी. मग रूप बघा. फिक्या गुलाबी किंवा पांढऱ्या, पेंढीसारख्या बांधलेल्या पट्ट्या असतील तर स्टिल्बाइट. सुयांचे झुबके असतील तर स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट, आणि या दोघांतला फरक डोळ्यांनी करायच्या भरीला पडू नका. काचेसारखे लखलखीत, चौकोनी बांध्याचे, कधी हिरवट स्फटिक म्हणजे अ‍ॅपोफिलाइट. हे झिओलाइटच्या शेजारी बसतं पण त्या कुळातलं नाही.

रस्त्याकडेला विकायला ठेवलेले भडक गुलाबी किंवा जांभळे तुकडे रंगवलेले असू शकतात. खरे नमुने एकत्र बघायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा. दोन तास तिथे घालवलेत तर खाणीत डोळे बरेच सरावलेले असतील.

आधी कबूल केलेला अपवाद: घाटात काही थर असे आहेत की त्यांत फेल्डस्पारचे स्फटिक बोटाच्या पेरापेक्षा लांब, चक्क काही सेंटिमीटरचे असतात. कसाऱ्याचा थळघाट आणि मंचरचा परिसर यांसाठी प्रसिद्ध आहे. हे थर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात, म्हणून थरांचा क्रम लावताना खुणेच्या दगडासारखे उपयोगी पडतात.

८. उभे खांब आणि भिंती

जाड थर सावकाश गार झाला की आकसतो आणि त्याला उभ्या, पाच-सहा बाजूंच्या भेगा पडतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल हे याचं सर्वांत सोयीचं उदाहरण, सुमारे साठ मीटर उंचीचे खांब. मात्र मुंबईवरून सह्याद्रीचा अंदाज बांधू नका. मुंबईचे खडक घाटापेक्षा थोडे नंतरचे आहेत, त्यांत मालाडच्या पिवळसर दगडासारखे वेगळ्या घडणीचे प्रकारही आहेत. शिवाय पनवेलपासून किनाऱ्याकडे थर समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. घाटावर ते जवळजवळ आडवे असतात.

आडव्या थरांना छेदून जाणारी दगडी भिंत दिसली तर ती डाईक, म्हणजे भेगेतच गोठलेला लाव्हा. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती मैलोन्‌मैल पसरल्या आहेत.

९. ठरलेल्या फसगती

*गडाचा माथा म्हणजे ज्वालामुखीचं तोंड.* नाही. इथला लाव्हा मुख्यतः भेगांतून आला. शंकूसारखं दिसणारं शिखर पाण्याने कोरून उरलेलं आहे.

*लोणारही त्यातलंच.* लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर उल्काघाताचं आहे. लाव्हा गोठून कोट्यवधी वर्षं झाल्यावर त्यावर उल्का आदळली.

*गरम पाण्याची कुंडं आहेत, म्हणजे खाली लाव्हा उकळतोय.* वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हेरे, राजापूर इथलं पाणी भेगांतून खोल जाऊन तापतं आणि वर येतं. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे.

*कोयनेचा भूकंप ज्वालामुखीचा.* ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा संबंध धरणातल्या पाण्याशी जोडला जातो, लाव्ह्याशी नाही. त्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल छिद्रं पाडली, तेव्हा सुमारे ९३० मीटर बसाल्ट संपल्यावर जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर छिद्र घेतलं, तिथे लाव्हा साधारण साडेतीनशे मीटरच्या आतच संपला. पूर्वेकडे जाल तसा तो पातळ होत जातो.

*निघोजचे रांजणखळगे लाव्ह्याच्या बुडबुड्यांचे.* कुकडी नदीच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी ते घासून काढले आहेत.

१०. पहिला दिवस कुठे

पोलादपूर ते महाबळेश्वर, आंबेनळी घाट. कोकणाच्या सपाटीपासून साडेतेराशे मीटरपर्यंत, थरांची जवळजवळ सलग कटाई रस्त्यालगत मिळते. वर सांगितलेल्या शोधनिबंधांच्या यादीतली शेवटची तीन नावं याच वाटेवरची आहेत. महाबळेश्वरकडच्या थरांशी रासायनिक घडणीने जुळणारा लाव्हा थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ, साडेआठशे किलोमीटरच्या आसपास अंतरावर सापडतो. लाव्हा किती लांब वाहिला असेल याची कल्पना त्यावरून करा.

सकाळी लवकर पोलादपूरहून चढायला लागा, ऊन कड्यावर तिरपं असताना थर स्पष्ट दिसतात. गाडी वळणावर कधीच लावू नका, रुंद जागा किंवा चहाची टपरी बघूनच थांबा. थांबल्यावर रस्त्याकडे पाठ करून कटाई बघत बसू नका, एकाने गाड्यांवर लक्ष ठेवावं. चार-पाच थांबे पुरेत. प्रत्येक थांब्यावर एकच नोंद: उंची, पाषाण की मांजऱ्या, लाल पट्टा आहे की नाही, आणि एक फोटो नाण्यासकट. उंची फोनवर मिळते, पण ती दहा-वीस मीटरने चुकते, हे धरून चाला.

महाबळेश्वरला पोचल्यावर दगडाचा रंग बदलतो. तिथे माथ्यावर जांभा आहे, बसाल्ट लाखो वर्षं उष्ण पावसाळी हवेत कुजून झालेला. त्याला थरांच्या हिशेबात धरू नका, तो लाव्ह्याचा नवा लोट नाही. पाचगणीचं टेबललँड त्याचंच. वेळ उरला तर संध्याकाळी तिथे जाऊन पठाराची कड बघा: वर जांभ्याचं टोपण आणि खाली कृष्णेच्या खोऱ्याच्या भिंतीत आडवे थर, दोन्ही एका नजरेत येतात. मग सकाळच्या नोंदी उंचीच्या क्रमाने एका पानावर उतरवा आणि जिथे शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह करा. पुढच्या खेपेला आधी त्या प्रश्नचिन्हांपाशी थांबायचं.